मदत हवी आहे: ऑनलाइन कथास्पर्धेतील हक्कांची अट

मी सोलापूरला राहतो. धोटा अडकल्याचे मागाच्या आवाजावरूनच ओळखणाऱ्या एका यंत्रमाग कामगारावर मी लिहिलेली सुमारे १,८०० शब्दांची अप्रकाशित कथा एका ऑनलाइन स्पर्धेला पाठवायची आहे. शब्दमर्यादा पाळली आहे, मजकूर युनिकोडमध्ये आहे, प्रवेशशुल्क मात्र अद्याप भरलेले नाही.

अडचण एका अटीची आहे: आलेल्या सर्व कथांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील. म्हणजे बक्षीस न मिळालेली कथाही त्यांचीच होणार, आणि हे मला अन्यायाचे वाटते, कारण हीच कथा पुढे माझ्या संग्रहात घ्यायची आहे. आयोजकांना दोनदा ईमेल केला, उत्तर आले नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १९ वाचले. त्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते, व मुदत नमूद नसल्यास ती ५ वर्षांची धरली जाते. येथे मात्र सही कुठेच नाही, अर्जातील चौकटीत फक्त ‘मान्य’ अशी खूण करायची आहे. कथा पाठवण्याची मुदत संपायला आठ दिवस उरले आहेत.

अशा खुणेने हक्क खरोखरच हस्तांतरित होतात का, आणि केवळ प्रथम प्रसिद्धीचा हक्क देण्याची विनंती आपल्यापैकी कोणी आयोजकांकडून मान्य करून घेतली असल्यास ती कोणत्या शब्दांत केली होती?