२० गुणांची पिछाडी आणि टेबलावर १८ गुण

स्नूकरमध्ये निळा (५ गुण), गुलाबी (६) आणि काळा (७) एवढेच बॉल उरले असताना २० गुणांनी मागे असलेल्याने फ्रेम (म्हणजे तो डाव) सोडून द्यावी, कारण तिन्ही मिळून १८ च गुण होतात, हे या चर्चेतील काही सदस्यांचे मत मला मान्य नाही. निळ्यावर प्रतिस्पर्ध्याचा एक फाउल झाला तरी किमान ५ गुण मिळतात आणि मग १५ च्या पिछाडीला १८ गुण पुरतात. म्हणूनच निळा सोपा दिसला तरी तो पाडण्याची घाई करू नये. प्रतिस्पर्ध्याला निळा सरळ मारता येऊ नये आणि त्याचा फाउल व्हावा म्हणून पांढरा बॉल दुसऱ्या बॉलच्या आड लपवायचा असतो. निळा असेपर्यंत त्यासाठी गुलाबी आणि काळा असे दोन आडोसे असतात, तो गेल्यावर काळा एकटाच उरतो.

मात्र येथे ‘मिस’चा नियम कोणी मांडलेला नाही. ठरलेल्या बॉलला लागण्याचा पुरेसा प्रयत्न झाला नाही असे वाटल्यास पंच ‘मिस’ पुकारतात, आणि मग बॉल मूळ जागी ठेवून तोच फटका पुन्हा मारायला लावता येतो. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी, कापूस वेचणी आटोपल्यावर झालेल्या एका स्पर्धेत नेमक्या याच स्थितीत बॉल तीनदा मूळ जागी ठेवून दर वेळी ५ गुण दिले गेले, आणि आघाडीवरचा मुलगा हातातली फ्रेम हरला. हा अन्याय होता, आणि गुण लिहिणारा मीच असूनही तेव्हा मला नियम ठाऊक नव्हता. फटक्यापूर्वीच एखाद्याला जिंकण्यासाठी दंडाचे गुण लागत असतील आणि चूक जाणूनबुजून केलेली नसेल, तर पंच मिस पुकारत नाहीत. बॉल मागे ठेवले जात नाहीत, फार तर पुढचा फटका त्याच खेळाडूला मारायला लावता येतो. फाउलनंतर फ्री बॉल (ठरलेला बॉल आड गेल्यामुळे त्याऐवजी दुसरा कुठलाही बॉल मारण्याची मुभा) मिळालाच, तर त्याऐवजी निवडलेल्या बॉलच्या आड पांढरा लपवणे हाही फाउल आहे. त्याला अपवाद केवळ गुलाबी आणि काळाच उरले असतानाचा.