ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट केल्यापासून दुसरा मॉनिटर सारखा बंद पडतोय, सोमवारच्या आत काय करू?

अर्धविराम · शुक्रवार, रात्री ९:४८

मदत हवी आहे, जरा घाईतच.

लॅपटॉप पाच वर्षांचा, विंडोज ११. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आहे आणि वेगळं ग्राफिक्स कार्डही आहे. पुस्तकांच्या मांडणीचं काम करते. लॅपटॉपवर हस्तलिखित आणि एचडीएमआयने जोडलेल्या मोठ्या मॉनिटरवर पानं, अशी सवय. सोमवारी सकाळी ३१२ पानं छपाईला द्यायची आहेत.

बुधवारी रात्री कार्डाच्या ॲपने नवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) आलाय म्हणून सांगितलं, मी हो म्हटलं. तिथे 'क्लीन इन्स्टॉल' असा एक चौकोन होता, त्यावरही टिक केली. शब्द चांगला वाटला म्हणून. आता लक्षात येतंय की हात दाखवून अवलक्षण.

तेव्हापासून मोठा मॉनिटर मध्येच दोन-तीन सेकंद काळा होतो आणि परत येतो. असं तीन-चारदा झालं की कायमचा जातो, 'नो सिग्नल'. लॅपटॉप रीस्टार्ट केला की अर्धा-पाऊण तास बरा चालतो. पंखा मात्र दिवसभर घरघरतोय.

अटी आधीच सांगते. खर्च शून्य. फॉरमॅट नाही (फॉन्ट आणि त्यांचे परवाने परत बसवण्यात दोन दिवस जातात). नवीन लॅपटॉप नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा तिकडेच वाहत जाईल.

जुनाखोड · शुक्रवार, रात्री ९:५५

पाच वर्षं म्हणजे लॅपटॉपचं वय झालं. नवीन घ्या. मी दर तीन वर्षांनी बदलतो, आजवर एकदाही असला त्रास नाही.

अर्धविराम · शुक्रवार, रात्री ९:५७

काका, तिसरी अट.

निळीस्क्रीन · शुक्रवार, रात्री १०:०४

सेम झालं होतं माझं. फॉरमॅट मारला, एकदम लोण्यासारखा चालतोय. ड्रायव्हर-बिव्हर शोधत बसण्यापेक्षा तेच बरं.

गप्पिष्ट · शुक्रवार, रात्री १०:०९

केबल बदलून बघितली का? दहातल्या नऊ वेळा केबलच असते. माझ्या भावाने मदरबोर्ड बदलायला काढला होता आणि शेवटी केबल निघाली.

अर्धविराम · शुक्रवार, रात्री १०:१३

केबल बदलली. मॉनिटरही दुसऱ्याचा लावून बघितला. तेच.

पेंग्विनप्रेमी · शुक्रवार, रात्री १०:१५

म्हणून मी २०१४ पासून लिनक्सवर आहे. अपडेट मी म्हणेन तेव्हा होतो. विचार करा.

काळाठिक्कर · शुक्रवार, रात्री १०:१७

@पेंग्विनप्रेमी, मागच्याच महिन्यात 'कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झाला आणि काळा स्क्रीन' असा धागा तुम्हीच काढला होता ना? तीन पानं चालला होता. शेवटी बूटच्या ओळीत 'नोमोडसेट' लिहून, म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर बाजूला ठेवून, आत शिरलात.

पेंग्विनप्रेमी · शुक्रवार, रात्री १०:२४

तो ग्राफिक्सच्या मॉड्यूलचा प्रश्न होता, नव्या कर्नलसाठी ते परत बांधलं गेलं नव्हतं. आणि मी तो स्वतः सोडवला. विंडोजवाल्यांना ते सुख नाही.

खटपट्या · शुक्रवार, रात्री १०:३१

फॉरमॅट, नवीन लॅपटॉप आणि लिनक्स, तिन्ही येऊन गेले. आता मूळ प्रश्नाकडे वळू या का?

अर्धविराम, दोन गोष्टी तपासून सांगा.

१. लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनचा उजेड कीबोर्डवरून कमी-जास्त होतो का?
२. मॉनिटर कायमचा गेला की लगेच डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली उपकरणांची यादी) उघडा, 'डिस्प्ले ॲडॅप्टर्स'खाली दोन नावं दिसतील. कुठल्या नावावर पिवळा त्रिकोण आहे?

अर्धविराम · शुक्रवार, रात्री ११:२०

मॉनिटर जायची वाट बघत बसले होते, म्हणून उशीर. आजवर पहिल्यांदाच तो लवकर जावा असं वाटत होतं.

उजेड नीट होतो. त्रिकोण वेगळ्या कार्डावर आहे. आत 'कोड ४३' लिहिलंय.

खटपट्या · शुक्रवार, रात्री ११:३४

झकास, म्हणजे अर्धं कोडं सुटलं.

अशा लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स दोन आणि ड्रायव्हरही दोन. लॅपटॉपचा स्वतःचा स्क्रीन बहुतेक वेळा प्रोसेसरमधलं ग्राफिक्स चालवतं. तो ड्रायव्हर गेला की विंडोज आपला साधा ड्रायव्हर लावतं आणि उजेडाची पट्टी हलेनाशी होते. तुमची हलतेय, म्हणजे ती बाजू ठीक. कार्ड असलेल्या बऱ्याच मशीनवर एचडीएमआयचं भोक मात्र थेट वेगळ्या कार्डाला जोडलेलं असतं. कार्ड बंद पडलं की फक्त बाहेरचा मॉनिटर बंद पडतो. तुमच्याकडे हेच चाललंय.

दोन-तीन सेकंद काळं होण्याचं कारण असं. विंडोज कार्डाला काम देतं आणि उत्तराची वाट बघतं, मुद्दाम बदललं नसेल तर २ सेकंद. उत्तर आलं नाही तर कार्ड अडकलं असं धरून ड्रायव्हर नव्याने सुरू करतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ४१०१ क्रमांकाच्या नोंदी सापडतील. पुन्हा पुन्हा असं झालं की विंडोज त्या उपकरणाला बंदच करून टाकतं. तो तुमचा कोड ४३.

आत्तापुरतं: मॉनिटर काळा झाला आणि लगेच परत आला नाही तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. बीप येईल, स्क्रीन लुकलुकेल, ग्राफिक्स पुन्हा सुरू होईल. उघडी कामं बंद होत नाहीत. तरी आधी सेव्ह करत चला.

निळीस्क्रीन · शुक्रवार, रात्री ११:३९

मग रोल बॅक करा ना, म्हणजे जुन्या ड्रायव्हरवर परत. डिव्हाइस मॅनेजर, कार्डावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, रोल बॅक. अर्ध्या मिनिटाचं काम.

अर्धविराम · शुक्रवार, रात्री ११:४२

तेच पहिल्यांदा केलं. बटण राखाडी आहे, दाबलंच जात नाही.

खटपट्या · शुक्रवार, रात्री ११:४५

जुना ड्रायव्हर मशीनवर शिल्लक असेल तरच ते बटण जिवंत असतं. तुमच्या क्लीन इन्स्टॉलने बहुतेक तो साफ केला.

तारेवरचीकसरत · शनिवार, सकाळी ७:०२

रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) टीडीआर-डिले नावाची किंमत टाकून ती वाट बघायची वेळ २ ची १० सेकंद करा. मी केलंय, काळं होणं बंद.

काळाठिक्कर · शनिवार, सकाळी ७:३०

आणि मग २ सेकंदांऐवजी १० सेकंद सगळं गोठून बसतं. थर्मामीटर फोडला म्हणून ताप उतरत नाही हो. मोठं रेंडरिंग करताना कार्डाला खरंच जास्त वेळ लागत असेल तेव्हा ते ठीक. इथे बाई पुस्तकाची पानं लावतायत.

तारेवरचीकसरत · शनिवार, सकाळी ७:३४

माझ्याकडे चाललं, एवढंच सांगतोय.

खटपट्या · शनिवार, सकाळी ८:१०

रीतसर उपाय लिहितो. ताई, घाई न करता वाचा.

लॅपटॉपच्या तळावर मॉडेल क्रमांक असतो. तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर टाका आणि त्या मॉडेलसाठी दिलेले दोन्ही ड्रायव्हर उतरवून ठेवा. कार्डाच्या कंपनीचा ताजा नको. जुना असेल, असू दे. लॅपटॉपवाले पंखा, वीज आणि दोन ग्राफिक्समधली अदलाबदल बघून तो निवडतात. मग इंटरनेट तोडा, नाहीतर तुम्ही साफसफाई करत असताना विंडोज अपडेट मागून स्वतःच्या मनाचा ड्रायव्हर बसवून मोकळं होतं. सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी मोजक्या ड्रायव्हरवर उठतं तो) जा, डीडीयू नावाचं फुकट साधन चालवून कार्डाचा ड्रायव्हर मुळापासून काढा, रीस्टार्ट करा. मग आधी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा, नंतर कार्डाचा ड्रायव्हर बसवा. शेवटी इंटरनेट.

पाऊण तास धरा.

निळीस्क्रीन · शनिवार, सकाळी ८:२२

सेफ मोडची काही गरज नाही. मी साध्या मोडमध्येच डीडीयू चालवतो.

खटपट्या · शनिवार, सकाळी ८:२६

चालवता येतं. पण तुम्ही काढताय तोच ड्रायव्हर तेव्हा वापरात असतो. डीडीयू बनवणाराच सेफ मोडमध्ये चालवा म्हणतो.

निळीस्क्रीन · शनिवार, सकाळी ८:२८

सहा वेळा केलंय. सहाही वेळा चाललं.

काळाठिक्कर · शनिवार, सकाळी ८:३१

सहा वेळा करावं लागलं यातच काय ते आलं. (कृपया हलके घ्या)

वाचकमात्र · शनिवार, सकाळी ९:१५

सहसा लिहीत नाही, पण हे बघून राहवेना. सेफ मोडमध्ये जाण्याआधी थांबा.

मी असंच केलं होतं. विंडोजच्या एमएसकॉन्फिगमधून सेफ बूटवर टिक केली, रीस्टार्ट केला, तर निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की मागितली. ४८ आकडी. माझ्या मशीनवर बिटलॉकर आहे हेच मला माहीत नव्हतं. ती की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडली, पण फोनवरून खातं उघडण्यात तास गेला. कशीबशी आत गेले तर सेफ मोडमध्ये पिन चालेना, पासवर्डच हवा. पासवर्ड दोन वर्षांत एकदाही टाकला नव्हता. आणि ती सेफ बूटची टिक काढल्याशिवाय मशीन दर वेळी सेफ मोडमध्येच उठतं, आणि टिक काढायला आत तर जावं लागतं.

ड्रायव्हरचं दुखणं बाजूला राहिलं, पूर्ण रविवार त्यातच गेला. म्हणून रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. पासवर्ड आठवतो का तेही आधी बघा.

अर्धविराम · शनिवार, सकाळी ९:२१

बाप रे. मलाही आठवत नाही.

खटपट्या · शनिवार, सकाळी ९:२४

वाचकमात्र यांच्याशी सहमत. हे मीच आधी लिहायला हवं होतं.

गप्पिष्ट · शनिवार, सकाळी १०:४०

एचडीएमआयची केबल बदलून बघा, बऱ्याचदा तीच असते.

जुनाखोड · शनिवार, सकाळी ११:०५

मुळात चालत्या गाडीला खीळ घालावी कशाला? माझ्या घरच्या पीसीचा ड्रायव्हर चार वर्षं तसाच आहे. अपडेट हा रिकामटेकड्यांचा उद्योग.

काळाठिक्कर · शनिवार, सकाळी ११:१२

ड्रायव्हरमध्येही सुरक्षेची भोकं निघतात, ती अपडेटनेच बुजतात. चार वर्षं म्हणजे फार झालं. आणि तुम्ही तर दर तीन वर्षांनी बदलता ना?

जुनाखोड · शनिवार, सकाळी ११:१५

लॅपटॉप बदलतो. पीसी वेगळा.

(यानंतर अपडेट करावेत की नाही यावर नऊ प्रतिसाद. अवांतर म्हणून वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – संपादक)

तारेवरचीकसरत · शनिवार, दुपारी १:५०

सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडलं की कुठला मॉनिटर कुठल्या ग्राफिक्सला जोडलाय ते नावानिशी दिसतं. खटपट्या म्हणतात ते खरं की नुसता अंदाज, बघून घ्या. माझ्या मशीनवर एचडीएमआय कार्डाला नाही.

खटपट्या · शनिवार, दुपारी २:०३

'बऱ्याच मशीनवर' असं लिहिलंय मी. 'सगळ्या' नाही.

अर्धविराम · शनिवार, संध्याकाळी ६:३७

झालं. पण तुम्ही सांगितलेलं एकही केलं नाही, त्यामुळे ओरडू नका.

तारेवरचीकसरत यांनी सांगितलेल्या ठिकाणी बघितलं. एचडीएमआयचा मॉनिटर कार्डालाच जोडलेला दिसला. मग बहिणीकडे यूएसबी-सी ते एचडीएमआय असा छोटा जोड पडून होता, तो आणून मॉनिटर बाजूच्या यूएसबी-सीला लावला. सेटिंग्जच्या त्याच पानावर आता प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचं नाव आलं! म्हणजे ते भोक कार्डाकडे जातच नाही.

मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डच डिसेबल केलं. चार तास झाले, मॉनिटर एकदाही काळा झाला नाही. पानं लावायला कार्ड लागतं कुठे! पाच वर्षं ते नुसतं बसून होतं असं आता वाटतंय.

डीडीयू वगैरे पानं गेल्यावर बघेन. पासवर्ड आठवला तर.

निळीस्क्रीन · शनिवार, संध्याकाळी ६:४९

म्हणजे प्रश्न सुटलाच नाही. झाकून ठेवला.

अर्धविराम · शनिवार, संध्याकाळी ६:५१

सोमवारपर्यंत झाकलेला चालेल.

खटपट्या · शनिवार, संध्याकाळी ७:२०

घाईत हे माझ्याही डोक्यात आलं नाही, मान्य. पण एक सांगतो: डिसेबल केलं म्हणजे कार्ड झोपलंच असं नाही. काही मशीनवर त्याला झोपवण्याचं काम ड्रायव्हरच करतो, आणि तोच बंद केला की कार्ड उगाच वीज खात जागं राहतं. बॅटरी लवकर उतरतेय का बघा. पंखा थांबला का?

अर्धविराम · शनिवार, संध्याकाळी ७:२६

पंखा थोडा कमी झालाय, थांबला नाही. बॅटरीचं माहीत नाही, दिवसभर चार्जर लावलेलाच असतो. २०४ पानं झाली.

पेंग्विनप्रेमी · शनिवार, रात्री ८:०२

पानं गेली की एकदा पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा. काही बसवावं लागत नाही. तिथे कार्ड नीट चाललं तर दोष ड्रायव्हरचा, तिथेही बंद पडलं तर कार्डाचा.

खटपट्या · शनिवार, रात्री ८:०९

हे मात्र पेंग्विनभाऊ लाखातलं बोलले. तिथला ड्रायव्हर वेगळा असतो, त्यामुळे शंभर टक्के निकाल नाही, पण अंदाज नक्की येतो.

अर्धविराम · सोमवार, सकाळी ११:१८

पानं गेली. ३१२ ची ३१४ झाली, ते लेखकामुळे. कार्ड अजून बंदच आहे, आणि पासवर्डचा कागद सापडला.

वाचकमात्र · सोमवार, दुपारी १२:४०

अभिनंदन! माझ्याकडे आता नेमकं उलटं झालंय. बाहेरचा मॉनिटर चालतो, लॅपटॉपचा स्वतःचा स्क्रीन काळा. इथेच विचारू की नवा धागा काढू?

जुनाखोड · सोमवार, दुपारी १२:४४

किती वर्षं झाली लॅपटॉपला?