पहिली सुरी बनवायचीय, कोल्हापुरात सुरुवात कशी करू?

नवशिका:
नमस्कार मंडळी. राहायला शिवाजी पेठेत, कामाला उद्यमनगरात. स्वयंपाकघरात रोज वापरता येईल अशी एक सुरी स्वतःच्या हातानं करायची फार इच्छा आहे. सध्या दोन कानशी, एक हॅकसॉ आणि वाईस एवढंच आहे. भट्टी नाही, ग्राइंडर नाही. ओळखीच्या फौंड्रीतून बिडाचा तुकडा मिळतोय, तो चालेल का? आणि कुणाजवळ बसून शिकता येईल का? फी सांगा, देईन.

ऐरण:
भावा, बीड नको. त्यात कार्बन २ टक्क्यांच्या वर असतो. ओतकामाला ते छान, पण पात्याएवढं पातळ केलं की तुकडा पडतो. दुकानातली एमएस (माइल्ड स्टील) पट्टीही नको, तिच्यात कार्बन इतका कमी की कितीही पाणी दिलं, म्हणजे तापवून बुडवून एकदम थंड केली, तरी कडक व्हायची नाही. १०८४ नावाचं पोलाद घे. साधारण ०.८४ टक्के कार्बन, आणि साध्या भट्टीतही नवख्याला सांभाळून घेतं. कमानपाटाही चालतो, पण गाडीखाली झिजलेल्या पाट्यात न दिसणाऱ्या चिरा असू शकतात, म्हणून नव्या पाट्याचा उरलेला तुकडा माग. बेअरिंगचं ईएन ३१ बरेच जण सुचवतील. पोलाद उत्तम, पण ते ठरलेल्या तापमानावर काही वेळ धरून ठेवावं लागतं आणि उघड्या भट्टीत ते कठीण. पहिल्या सुरीला नको.

ग्राइंडर नाही म्हणून अडू नकोस. कानस एका सळईला पक्की बांध आणि सळई आयबोल्टच्या कड्यातून ओव. हात कितीही थकला तरी कोन हलत नाही. आयबोल्ट वर-खाली केला की कोन बदलतो. वेळ लागतो, पण पोलाद कसं कापलं जातं ते हाताला कळतं.

माझ्याकडे १०८४ची ३ मिमीची पट्टी पडून आहे. घेऊन जा, पैसे नकोत.

कानसवाला:
फीचं सगळ्यांसाठीच सांगतो. आमच्यासारख्या छंदवाल्यांना पैसे विचारू नकोस, कुणी घेणार नाही. पण गावातल्या लोहाराकडे जाऊन बसलास तर त्याच्या वेळेचे पैसे द्यायचेच, तो नको म्हणाला तरी. आपला हा छंद आहे, त्याचं पोट आहे. विळा-खुरप्याला पाणी देताना तो नुसत्या रंगावरून लोखंड किती तापलंय ते ओळखतो, ती नजर कमवायला आयुष्य जातं. आपण लोक त्याच्याकडून शिकून येतो आणि त्याला एक चहा पाजून निघतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नवशिका:
दादा, पटलं. मग पट्टी घेऊन पातं पूर्ण करतो आणि दाखवायला आणतो, चालेल?

ऐरण:
पूर्ण करू नको, पाणी देण्याआधी आण. तोवर काहीही सुधारता येतं, नंतर कानस नुसती घसरते. धारेकडे जवळजवळ १ मिमी जाडी राखून ठेव, नाहीतर पाणी देताना पातं वाकतं. मुठीची भोकंही आधीच पाड. भट्टी माझ्याकडे पेटवू. पातं तापून चुंबकाला चिकटायचं थांबतं ते ७७० अंशांच्या आसपास, त्याहून थोडं वर, ८१५पर्यंत न्यायचं आणि कोमट खाद्यतेलात बुडवायचं. जळकं इंजिन ऑइल आणू नकोस, त्याचा धूर छातीला वाईट. मग ठिसूळपणा कमी करायला घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा. ते तू तुझ्या घरीच कर, त्यात माझी गरज नाही.

शिसवमूठ:
मुठीसाठी वाळलेलं शिसव आहे माझ्याकडे, जोडी कापून देतो. घासताना मास्क हवाच, शिसवाची भुकटी काहींना फार बाधते. पिना पितळी सळईच्या, चिकटवायला ॲराल्डाइट. आणि हे पोलाद गंजतं. लिंबू-टोमॅटो चिरून झालं की लगेच पुसून ठेवायचं, हे घरी आधीच सांगून ठेव.

नवशिका:
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी पट्टी न्यायला येऊ का?

ऐरण:
ये. येताना सुरीचं पूर्ण मापाचं चित्र पुठ्ठ्यावर कापून आण. त्याआधी तो पुठ्ठा घरात जे रोज भाजी चिरतात त्यांच्या हातात दे आणि मूठ कुठं बोचते ते विचार.