मदत हवी आहे: गुआर्दा गावात दोन रात्री राहावं की श्कुओलहून जाऊन यावं?

रानवाटा:
स्वित्झर्लंडच्या पूर्वेकडच्या खालच्या एंगाडीन खोऱ्यात गुआर्दा नावाचं छोटं गाव आहे. फोटो बघून बायको हट्टालाच पेटली आहे. प्रश्न एवढाच: दोन रात्री गावातच राहावं, की त्याच खोऱ्यातल्या श्कुओल या मोठ्या गावी मुक्काम करून एक दिवस जाऊन यावं? स्टेशन खाली आणि गाव वर आहे म्हणे, मग सामानाचं काय करतात? उद्या बुकिंग करायचंच आहे, जाणकारांनी पटापट सांगा. युंगफ्राउ, टिटलिस ही नेहमीची शिखरं सुचवू नका.

बाकरवडी:
इतक्या लांब जाताय तर युंगफ्राउ सोडू नका हो. आम्ही इंटरलाकेनला राहिलो होतो, सगळं हाताशी, भारतीय जेवणसुद्धा. गावं काय, सगळी सारखीच.

झुरिककर:
बाकरवडी, शेवटची ओळ वाचली का? असो.
रानवाटा, कोण कोण येणार, कुठून येणार आणि कधी? यातलं काहीच लिहिलेलं नाही. तोवर सामानाचं सांगतो. झुरिकहून लांडक्वार्टला गाडी बदलायची, तिथून श्कुओलकडे जाणारी लाल गाडी. ती १९ किलोमीटरच्या व्हेराइना बोगद्यातून थेट खोऱ्यात निघते. हा बोगदा १९९९ मध्ये सुरू झाला, त्याआधी तिकडे जायचं म्हणजे मोठा वळसा होता. गुआर्दा स्टेशनवर उतरलात की बाहेर पिवळी पोस्ट-बस, ती वर गावात सोडते. गाव १६५३ मीटरवर आहे, स्टेशनपासून दोनेकशे मीटर चढ. चालत मजा येते, पण बॅगा घेऊन नको.

गाडीवान:
बस-बिस कशाला? झुरिक विमानतळावर गाडी भाड्याने घ्या आणि फ्लुएला घाटातून या. २३८३ मीटर उंची, काय एकेक वळण! सामानाचा प्रश्नच मिटला.

झुरिककर:
तो घाट हिवाळ्यात बंद असतो आणि बर्फ उपसून झाल्यावर उघडतो. बंद असला तर क्लोस्टर्स गावात गाडी रेल्वेवर चढवून त्याच व्हेराइना बोगद्यातून न्यायची, त्याचे पैसे वेगळे. आणि एवढं करून गुआर्दात गाडी गावाच्या तोंडाशीच लावायची आहे. म्हणून विचारतोय, कधी?

गाडीवान:
गाडीतली मोकळीक बसवाल्यांना नाही कळायची.

सुलभाकाकू:
रानवाटा, व्हिसाचं आधी बघा बरं. शेंगेन व्हिसाची फी आता मोठ्यांना ९० युरो झाली आहे. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उगीच शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका.

रानवाटा:
काकू, व्हिसा हातात आहे. मूळ प्रश्नावर कोणी बोलेल का?

चैत्रपालवी:
मी बोलते. गावातच राहा, निदान एक रात्र तरी. दुपारी इतर पर्यटक येतात, संध्याकाळी सगळे खाली उतरतात आणि मग गल्ल्या आपल्याच.
घरं नीट निरखायला वेळ ठेवा. १६२२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने खोऱ्यातली गावं जाळली, त्यात हेही जळलं. आज दिसतात त्यातली बरीचशी घरं त्यानंतरची. भिंती हातभर जाड, खिडक्या बाहेरून रुंद आणि आत निमुळत्या, म्हणजे ऊन आत येतं पण ऊब बाहेर जात नाही. दारं एवढाली मोठी, कारण गवताची गाडी घरातूनच मागच्या कोठारात न्यायची असे. आणि नक्षी रंगवलेली नाही, खरवडलेली आहे! गडद गिलाव्यावर पांढरा चुना, तो ओला असतानाच वरचा थर ओरखडून काढतात. जवळ जाऊन बघितलं की ओरखड्याची कड दिसते. हे सगळं जपल्याबद्दल गावाला १९७५ चा वाकर पुरस्कार, म्हणजे गावाचा वारसा जपण्यासाठीचा स्विस पुरस्कार, मिळाला.
चालायला सर्वात छान वाट म्हणजे गुआर्दा, बोश्चा, आर्देत्स. दक्षिणेकडचा उतार, दिवसभर ऊन, दीड-दोन तास, शेवटी उतरण. आर्देत्सहून ट्रेनने परत या. 'शेलेन-उर्सली' या घंटावाल्या पोराच्या चित्रकथेवरचीही एक वाट आहे, मुलं असतील तर ती करा.

रानवाटा:
वा, धन्यवाद! मुलं आहेत, दोन. आणि महिना अर्थातच मे, शाळेला सुट्टी तेव्हाच असते ना. आईही सोबत आहे.

झुरिककर:
मे!! अहो, सगळं त्यावरच तर अवलंबून आहे. स्कीचा हंगाम संपलेला आणि उन्हाळी सुरू व्हायचा, अशा मधल्या दिवसांत तिथली बरीच हॉटेलं बंद असतात, श्कुओलची केबल-गाडीही सहसा बंद. खालच्या वाटा मोकळ्या मिळतील, वर मात्र बर्फ. जवळच्या स्विस राष्ट्रीय उद्यानातल्या वाटांचंही तेच. तुमचं हॉटेल त्या तारखांना उघडं आहे का, मेल करून विचारा. आईंचे गुडघे कसे आहेत?

रानवाटा:
सपाटीवर तासभर चालते. चढ नको.

चैत्रपालवी:
मग स्टेशनपासून चढ तर नकोच, बस घ्या. गावातल्या गल्ल्याही चढउताराच्या आणि दगडी आहेत. आई फाउंटनपाशी बाकावर उन्हात बसतील, तुम्ही बोश्चापर्यंत जाऊन या.

पासधारक:
स्विस ट्रॅव्हल पास घ्या. ऱ्हेशियन रेल्वे (तीच लाल गाडी) आणि पोस्ट-बस दोन्ही त्यात येतात, सोळा वर्षांखालची मुलं आईवडलांसोबत फुकट.

झुरिककर:
दोन दिवस एकाच गावात बसणार असाल तर पास फुकट जातो. हाफ फेअर कार्ड (निम्म्या भाड्याचं) आणि आधी काढलेली स्वस्त तिकिटं, हिशेब करून बघा.

पासधारक:
हिशेब करत बसायला सुट्टी असते का?

बाकरवडी:
अवांतर: शाकाहारी आहात का? असाल तर तिकडच्या बार्लीच्या सुपात वाळवलेलं बीफ असतं. चार्ड या पालेभाजीच्या पानात गुंडाळलेल्या 'कापुन्स'मध्येही बहुधा मांस असतं, विचारूनच घ्या. अक्रोडाचा टार्ट मात्र चुकवू नका.

सुलभाकाकू:
ठेपले न्या. मेथीचे टिकतात.

गाडीवान:
काकू, बेसनाचे लाडूही.

रानवाटा:
हॉटेलचं उत्तर आलं: जूनपर्यंत बंद. म्हणजे बुकिंगच्या साइटवर त्या तारखा दिसत होत्या त्या कशाच्या, देव जाणे. झुरिककर, श्कुओलमध्ये मेमध्ये उघडं असणारं काही सुचवाल का? स्वयंपाकघर असलेलं घर असेल तर उत्तम.

झुरिककर:
श्कुओलमध्ये भाड्याची घरं बरीच आहेत आणि किराणा दुकानं चालत्या अंतरावर. गुआर्दाला सकाळच्या गाडीने जा. गरम पाण्याच्या तलावांचा बेत असेल तर त्यांच्या तारखा आधी बघा, मग घर ठरवा.

बाकरवडी:
इंटरलाकेनला मेमध्ये सगळं उघडं असतं, एवढंच सांगतो.