मदत हवी आहे: गोव्यात गृह आधारवरून दयानंद योजनेत जाताना आधी काय करायचं?

परवा वाड्यावरच्या बैठकीत आमच्या आमदारांनी मतदारसंघातल्या निधीचा आणि योजनांचा आढावा दिला. गटार-रस्त्यांवरच अर्धा तास गेला, योजना शेवटी घाईत उरकल्या. त्यात एवढंच कळलं की गृह आधार (गृहिणींना महिन्याची मदत) आणि दयानंद सामाजिक सुरक्षा (ज्येष्ठ वगैरेंना पेन्शन), या गोवा सरकारच्या दोन्ही योजनांचे पैसे एकदम घेता येत नाहीत.

आईला गृह आधारचे महिना १५०० रुपये मिळतात. पुढच्या महिन्यात तिला ६० पूर्ण होतील, म्हणून ज्येष्ठ नागरिक म्हणून दयानंदच्या २००० साठी अर्ज करायचा आहे. १५ वर्षांच्या वास्तव्याचा आणि उत्पन्नाचा दाखला मामलेदार कचेरीतून आणलाय. आधार, बँक पासबुक तयार. दुसरी कुठलीही पेन्शन नाही.

अडचण अशी की एक योजना महिला आणि बालविकास खात्याची, दुसरी समाज कल्याणची. पंचायतीत विचारलं तर पणजीला जा म्हणाले. आईचे गुडघे दुखतात, हेलपाटे मीच घालणार, तेही रजा काढून.

ज्यांनी हा बदल केलाय त्यांनी सांगा: गृह आधार आधी रद्द करून त्याचा कागद नव्या अर्जाला जोडावा लागतो, की दयानंद मंजूर होईपर्यंत जुने पैसे चालू ठेवता येतात?