मदत हवी आहे: गर्दच्या ओव्हरडोसनंतर भावाच्या लक्षात नवीन काहीच राहत नाही

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी विचारतेय. वय २९, आम्ही भांडुपला राहतो. बाईकच्या अपघातात पाय मोडला तेव्हा ट्रामाडॉल (अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी) सुरू झालं. पाय बरा झाला, गोळ्या सुटल्या नाहीत. २०१८ पासून हे औषध एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, त्यामुळे पुढे केमिस्ट देईनासे झाले आणि तो गर्दकडे (ब्राउन शुगर, हेरॉइनचाच प्रकार) वळला. या पावसाळ्यात मित्राच्या खोलीवर निपचित सापडला. ओठ निळे, श्वास जेमतेम. महापालिकेच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी जीव वाचवला, त्यांचे उपकार जन्मभर फिटणार नाहीत.

शुद्धीवर आल्यापासून मात्र नवीन काही टिकत नाही. शाळेतल्या बाईंची नावं, गल्लीच्या टीममध्ये कोण ओपनिंगला यायचं, सगळं बिनचूक सांगतो. पण जेवून हात धुऊन आला की थोड्या वेळात "आई, वाढतेस ना?" बोलणं इतकं व्यवस्थित, की पाहुण्यांना बराच वेळ काही कळतच नाही.

एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसला इजा दिसली. न्यूरोच्या डॉक्टरांनी समजावलं की अफूच्या जातीची द्रव्यं (ओपिऑइड) श्वास मंदावतात, आणि ऑक्सिजन कमी पडला की नव्या आठवणी साठवणारा हा भाग लवकर मार खातो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ ते २०१६ या काळात असेच १४ रुग्ण नोंदले गेले, त्यातल्या बहुतेकांचा ओपिऑइडशी संबंध होता. म्हणजे आमच्याच घरात घडलेलं हे काही जगावेगळं नाही, एवढाच त्यातला दिलासा.

खरा पेच पुढे आहे. समुपदेशक तासभर जीव तोडून बोलतात. तोही रडतो, "ताई, परत हात लावणार नाही" म्हणतो, आणि रिक्षा स्टेशनला पोहोचेपर्यंत सगळं पुसलेलं असतं. मरता मरता वाचलो हे त्याला ठाऊकच नाही. त्याच्या लेखी पाय अजून दुखतोय आणि गोळी हवी आहे. व्यसन सोडायला निदान सोडायचं ठरवलंय हे तरी आठवायला हवं ना? त्यात इतके दिवस बंद असल्यामुळे शरीराची सहनशक्ती उतरली आहे. पूर्वीचाच डोस आता घेतला तर तो वाचणार नाही, या विचाराने मला रात्री झोप लागत नाही.

त्याला रोज खरं सांगावं का? दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा हादरतो. आई म्हणते, नको सांगूस. मला न सांगणं जास्त धोक्याचं वाटतं. शिवाय व्यसन आणि स्मृती दोन्हींवर एकत्र काम करणारं कोणी मुंबईत माहीत आहे का? मध्य रेल्वेवर असेल तर बरं.

प्रतिसाद १:
ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. घटना लक्षात ठेवणं वेगळं आणि सवय लागणं वेगळं. हिप्पोकॅम्पसला इजा झाली तरी हाताला-पायाला सवय लागू शकते. रोज तीच वेळ, तीच जागा, तीच कृती ठेवा, आणि शिकवताना त्याला अंदाज बांधू देऊ नका, आधीच बरोबर उत्तर द्या. चुकलेलं उत्तरच पक्कं बसतं. खरं सांगायचं तर दोन ओळींत, त्याच्याच अक्षरात लिहून घ्या. घरातल्या सगळ्या गोळ्या कुलपात, क्रोसिनसुद्धा, कारण घेतलेली गोळी विसरून तो पुन्हा घेईल. परळच्या केईएमला मानसोपचार आणि न्यूरोलॉजी दोन्ही विभाग आहेत, दोघांनाही एकाच फाईलवर लिहायला सांगा. बुप्रेनॉर्फिन (गर्दची ओढ कमी करणारं उपचाराचं औषध) आणि घरात नॅलॉक्सोन (ओव्हरडोस उतरवणारं औषध) ठेवण्याबद्दल तिथेच विचारा. अडलं तर व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६, मानसिक आधारासाठी टेली-मानस १४४१६.

धागाकर्ती:
मनापासून आभार. कालनिर्णयवर त्याच्याकडूनच लिहून घेतलं: "गर्दने श्वास बंद पडला होता. आता घेतली तर मरेन." माझ्या अक्षरातल्या चिठ्ठीवर तो वाद घालायचा. हे वाचून गप्प झाला, मग पाय दाबून पाहिला आणि म्हणाला, "दुखत नाहीये."

आणखी एक विचारायचं आहे. बुप्रेनॉर्फिन सुरू झालं आणि घरी द्यावं लागलं, तर "आज दिलीच नाहीस" म्हणून तो नक्की भांडणार. अशा वेळी तुमच्याकडे कोण गोळी देतं आणि नोंद कशी ठेवता?