शपथ घेऊन बंडाला साथ देणाऱ्याला पुन्हा पद द्यावं का? वादविवादासाठी मदत हवी (बडोदा)

सुरसागरकाठी
नमस्कार मंडळी, आमच्या दांडिया बाजारातल्या गणपतीत यंदा वादविवाद ठेवलाय आणि मला विषय आलाय की बंडाला साथ दिलेल्या लोकप्रतिनिधीला किंवा अधिकाऱ्याला परत सरकारी पद मिळू नये. मला बाजूने बोलायचंय आणि खरं सांगायचं तर मला ते मनापासून पटतंही. ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनला लोक काचा फोडून संसदेत घुसले, अध्यक्षपदाच्या निवडणुकीतल्या मतांची चालू मोजणी बंद पाडली, ते बघून मी रात्रभर झोपले नव्हते. अमेरिकेच्या घटनेत यासाठी वेगळं कलमच आहे म्हणतात, मग ते लागू का नाही पडलं? आणि आपल्याकडे असं काही आहे का? आठ दिवस आहेत हातात, कोणीतरी सोपं करून सांगा प्लीज.

रावपुरा_वकील
ताई, कलम आहे. चौदाव्या घटनादुरुस्तीचं कलम ३, १८६८ सालचं. तिथलं यादवी युद्ध, म्हणजे दक्षिणेतल्या राज्यांचं बंड, १८६५ ला संपलं आणि लगेच तीच राज्यं जुन्याच बंडखोर पुढाऱ्यांना निवडून पाठवायला लागली, जॉर्जियाने तर १८६६ ला सिनेटसाठी अलेक्झांडर स्टीफन्सला निवडलं, म्हणजे बंडखोर सरकारचा चक्क उपाध्यक्ष. त्याला बसू दिलं नाही आणि पुढे हे कलम आलं.

यातली मेख शपथेत आहे, तुमच्या भाषणात हे पहिलं यायला हवं. बंडात सामील झालेल्या सगळ्यांना ते लागत नाही. आधी राज्यघटनेची शपथ घेऊन जो पदावर होता आणि मग तिच्याविरुद्ध उठला किंवा उठणाऱ्यांना मदत केली, त्यालाच लागतं. साधा शेतकरी बंदूक घेऊन लढला तर त्याला या कलमाने काही होत नाही. आणि बंदी कायमचीच असं पण नाही, दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी ठरवलं तर उठते. १८७२ ला बहुतेकांची उठवली, तोच स्टीफन्स १८७३ ला परत संसदेत आला.

आता हल्लीचं. न्यू मेक्सिकोतल्या ओटेरो काउंटीचा कमिशनर कूय ग्रिफिन ६ जानेवारीच्या जमावात होता, त्याला सप्टेंबर २०२२ ला कोर्टाने याच कलमाखाली पदावरून काढलं. त्याच्यावर बंडाचा खटला नव्हता, फौजदारीत शिक्षा झाली ती बंद केलेल्या आवारात शिरल्याची, १४ दिवस. ट्रम्प यांच्याबाबत कोलोरॅडोच्या सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ ला ४ विरुद्ध ३ ने नाव मतपत्रिकेवरून काढा म्हटलं, पण ४ मार्च २०२४ ला देशाच्या सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं. केंद्रातल्या पदांसाठी हे कलम एकेक राज्य आपापलं लावू शकत नाही, त्यासाठी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा करावा असं म्हटलं. ट्रम्प यांनी बंड केलं की नाही यावर त्या निकालात काहीच नाही, लोक इथे गल्लत करतात.

आपल्याकडे १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम ८. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर अपात्र, सुटल्यावर आणखी सहा वर्षं. म्हणजे आधी दोषी ठरायला हवा, नुसत्या आरोपावर कोणी बाद होत नाही.

निवृत्त_शिक्षिका
बेटा, मी कायद्याचं नाही सांगत. मी डभोईकडे चार वेळा इलेक्शन ड्युटी केली, दोनदा प्रिसायडिंग ऑफिसर होते. सकाळी मॉक पोल झाला की मशीनला हिरवं कागदी सील लावायचं आणि त्यावर सगळ्या पार्ट्यांच्या एजंटांच्या सह्या घ्यायच्या. एकदा एक एजंट सही करताना माझ्याकडे बघून म्हणाला, बेन, आता हे आमचंपण आहे आणि तुमचंपण. मी कधी विसरले नाही ते. त्या दिवशी वॉशिंग्टनला सिनेटच्या स्टाफने मतांच्या लाकडी पेट्या उचलून सोबत नेल्या, जमावाच्या हाती लागू दिल्या नाहीत, हे वाचलं तेव्हा मला रडू आलं, कारण पेटी सोडून पळायचं नाही हे मला कळतं. ज्याने स्वतः शपथ घेतलीये आणि मग त्या पेटीवर चालून जाणाऱ्यांना शाबासकी दिली त्याला परत त्याच टेबलाशी बसवायचं? मला नाही पटत.

दांडियाबाजार६२
मावशींचं सगळं मान्य, पण बडोद्यात बसून हा विषय बोलायचा आणि आणीबाणीतली बडोदा डायनामाइट केस काढायची नाही हे कसं चालेल? मी तेव्हा चौदा वर्षांचा. मार्च १९७६ पर्यंत गुजरातेत विरोधकांचं, जनता मोर्चाचं सरकार होतं, ते पडलं आणि मग आणीबाणी खऱ्या अर्थाने आपल्या गल्लीत आली. वडील रात्री बीबीसी लावायचे, आवाज इतका बारीक की मी आणि मोठा भाऊ कान रेडिओला टेकवून बसायचो. जॉर्ज फर्नांडिस आणि आणखी चोवीस जण, आरोप काय तर डायनामाइट जमवून सरकारी मालमत्ता उडवायचा कट. जॉर्ज १९६७ ला दक्षिण मुंबईतून खासदार झाले होते, म्हणजे शपथ घेतलेली होती! आता वकीलसाहेबांनी सांगितलेलं कलम इथे लावा. शपथ आहे, कटाचा आरोप आहे, झाला की नाही बाद? पण ते १९७७ ला तुरुंगातून मुजफ्फरपूरला उभे राहिले, तीन लाखांहून जास्त मतांनी आले, केस मागे घेतली गेली आणि ते मंत्री झाले. आरोपावर बंदी घालायची सोय असती तर आणीबाणी लादणाऱ्यांनीच ती पहिली वापरली असती.

अमेरिकेतपण झालंय. मिलवॉकीचा व्हिक्टर बर्जर, समाजवादी, पहिल्या महायुद्धाला विरोध करायचा, त्याला १९१९ ला याच कलमावर संसदेने बसू दिलं नाही. त्या विरोधाबद्दल त्याला झालेली शिक्षा १९२१ ला सुप्रीम कोर्टाने रद्द केली.

सुरसागरकाठी
काका, हे मला माहीतच नव्हतं आणि आता दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. पण मला फरक दिसतो. ग्रिफिनच्या वेळी कोर्ट उघडं होतं, साक्षीपुरावे झाले, त्याला बोलता आलं. म्हणजे बंदी असावी, पण ती कोर्टाने पुरावे ऐकून घालावी, मंत्र्याने किंवा बहुमताने नाही. असं मांडलं तर?

रावपुरा_वकील
मांडा, पण समोरचा २८ एप्रिल १९७६ काढेल. जबलपूरच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध १ ने म्हटलं की आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दादच मागता येत नाही. न्यायमूर्ती खन्ना एकटे विरोधात होते आणि पुढे त्यांना डावलून ज्युनियरला सरन्यायाधीश केलं. त्यामुळे नुसतं कोर्ट म्हणून भागणार नाही. मी तुमच्या जागी असतो तर दोन अटी घातल्या असत्या, पुरावे उघड्या कोर्टात तपासायचे आणि आणीबाणी चालू असताना हे कलम वापरायचंच नाही.

सुरसागरकाठी
दुसरी अट मी घेते, थँक्यू दादा. डायनामाइट केस मी स्वतःच आधी सांगणार, समोरच्याची वाट बघणार नाही. आणि मावशी, हिरव्या सीलवरच्या सहीची गोष्ट तुमचं नाव न घेता सांगितली तर चालेल का?

निवृत्त_शिक्षिका
सांग ना. फक्त त्या एजंटची पार्टी कुठली ते कोणी विचारलं तर सांगू नकोस, मी पण कधी कोणाला सांगितलं नाही.